मांडव मोठा, कान लहान

आमच्या कासुर्डीत बँड या शब्दाला एकच अर्थ आहे. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, पुढे क्लॅरिनेटवाला, मागे ढोलवाला, आणि नवरदेव मारुतीच्या पाया पडून बाहेर येईपर्यंत एकाच गाण्याची चौदा आवर्तनं. त्यामुळे गेल्या दिवाळीनंतर पुण्याहून आलेली माझी भाची जेव्हा म्हणाली, “मामा, लाइव्ह बँड ऐकायला चल, मोठा फेस्टिव्हल आहे,” तेव्हा ओसरीवर सुपारी कातरत बसलेल्या आप्पांनी साहजिकच विचारलं, “कुनाचं लगीन हाय गं?”

“लग्न नाही आजोबा. नुसताच बँड.”

“आन् जेवान?”

“विकत.”

आप्पा पुन्हा सुपारीकडे वळले. लग्न नाही, जेवण विकत, आणि बँड ऐकायला वर आपणच पैसे भरायचे! हा व्यवहार त्यांच्या हिशेबात कुठल्याच खात्यात बसेना.

मला मात्र प्रश्न नवा नव्हता. समोर बसून गाणंबजावणं ऐकायचं तर मोठ्या महोत्सवात जावं की नाही? मी बँकेत कारकून. शिक्षण बी. कॉम., गाण्यातलं शिक्षण शून्य. पण पुण्यात राहून ‘सवाईला गेलो नाही’ असं सांगण्याची हिंमत नसल्यामुळे गेली पंचवीसेक वर्षं मी डिसेंबरात सीझन तिकीट काढत आलो आहे. तेव्हा जमा आणि नावे अशा दोन बाजू आखून हिशेब मांडतो. फरक राहिलाच तर सस्पेन्स खात्यात टाकू. तशी सोय असल्याशिवाय बँका चालत नाहीत, समीक्षा तरी कशी चालेल?

आधी जमा. सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, १९५२ साली गेले. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी गुरूच्या स्मरणार्थ १९५३ साली पुण्यात हा उत्सव सुरू केला. गणेशोत्सवातले मांडव सोडले, तर त्याआधी मोठं गाणं ऐकायचं म्हणजे पुष्कळदा कुणाच्या तरी दिवाणखान्यात ओळख लागायची. कारकुनाला तिथे शिरकाव मिळालाच तर जोड्यांजवळ. सवाईने दिवाणखान्याच्या भिंती पाडल्या आणि जोड्यांजवळचा माणूस सतरंजीवर आणून बसवला. हे उपकार लहान नाहीत.

मी पहिल्यांदा गेलो तो १९९८ साली, कॉलेजात असताना, रमणबागेत. तेव्हा गाणं पहाटेपर्यंत चालायचं. स्वेटर, शाल, कानटोपी, थर्मास असा जामानिमा करून लोक हिमालयात निघाल्यासारखे शनिवार पेठेत यायचे. त्या रात्री मला राग कळले नाहीत. अजूनही कळत नाहीत. पण पहाटेच्या थंडीत भीमसेनजींनी षड्ज लावला आणि हजारो माणसं एकदम खोकायची थांबली, एवढं मला कळलं. डिसेंबरात पुणेकरांचा खोकला थांबवणं डॉक्टरांनाही जमत नाही. अशी शांतता वीस माणसांत होत नाही, तिला हजारोच लागतात. ही महोत्सवाची सगळ्यात मोठी जमा.

दुसरी जमा म्हणजे, ज्यांचं नाव पेपरात वाचून मी पान उलटलं असतं असे कितीतरी कलाकार मी केवळ जागा जाईल या भीतीने ऐकले. त्यातले निम्मे नंतर आवडीचे झाले. भीतीने का होईना, अभिरुची वाढली.

आता नावे. पहिली गोष्ट घड्याळाची. मालकंस, दरबारी ही रात्र चढल्यावर घरी येणारी मंडळी. पण ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि पुढे उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद होऊ लागले. वर्षातले पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, तेवढीच. नियम योग्यच आहे. मांडवाशेजारी राहणाऱ्यालाही सकाळी कामावर जायचं असतं. पण त्यामुळे महोत्सव दुपारी उन्हात सुरू होतो आणि मध्यरात्रीचे राग बेघर होतात. शिवाय ओळीने इतके कलाकार बसायचे म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला मोजका वेळ. विलंबित ख्याल ही निवांतपणाची गोष्ट. पाठीमागे रांग लागली आहे हे माहीत असलेला माणूस विलंबित गाऊ शकत नाही, हे मी काउंटरच्या अनुभवावरून सांगतो.

दुसरी नावे अंतराची. मागच्या रांगांत वड्याचा वास आधी पोचतो, सूर मागून येतो. आता त्यावर मोठा पडदा हा उपाय आहे. त्यावर गवयाचा चेहरा बैलगाडीएवढा दिसतो, कपाळावरचा घामसुद्धा मोजता येतो. आपल्याला त्याचा चेहरा दिसतो खरा, पण त्याला आपला दिसत नाही. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

तर भाचीबरोबर गेलो. एनएच ७ वीकेंडरने २०१० साली पुण्यात सुरुवात केल्यापासून बँडांच्या अशा जत्रा शहराला नव्या नाहीत. आम्ही गेलो ती कोणती, हे सांगत नाही. आयोजकांचं खातं आमच्या शाखेत निघायचं. फाटकावर माझ्या मनगटाला एक पट्टी बांधली, तिलाही बँडच म्हणतात. मैदानात तीन स्टेज, तिन्हींवर एकाच वेळी वादन. भाचीने वेळापत्रक आखलं होतं : सहाला पहिला बँड, साडेसहाला त्याला अर्धवट सोडून दुसरा, त्याचा शेवट चुकवून तिसऱ्याची सुरुवात. इतकी पळापळ मी मार्चएंडलाही केलेली नाही. रात्री हिशेब केला, तर पाच बँडांची मधलीच गाणी ऐकून झाली होती. लग्नाच्या बुफेत सगळे पदार्थ एकाच ताटात वाढून घेतल्यावर श्रीखंडाला लोणच्याची चव येते, तसं कानांचं झालं.

पण न्यायाने सांगायचं तर एक गोष्ट घडली. ऊन उतरायच्या आधी, सगळ्यात लहान स्टेजवर, जेमतेम साठ माणसांपुढे एक बँड वाजत होता. भाची पहिल्या रांगेत, गाणं तोंडपाठ. मधेच ड्रम वाजवणाऱ्या मुलीने हसून हातातली काडी भाचीकडे रोखली आणि पुढची ओळ तिच्यासाठी सोडून दिली. भाची लालबुंद झाली. रात्री घरी येईपर्यंत तिला बाकीचं काही आठवत नव्हतं. “मामा, तिने मला बघितलं,” एवढंच चाललं होतं. दिवसभराच्या तिकिटाची वसुली त्या एका काडीत झाली होती.

तिकडे अमेरिकेतही वेगळं नव्हतं. वुडस्टॉकचा जगप्रसिद्ध महोत्सव १९६९ च्या ऑगस्टात एका दूधवाल्या शेतकऱ्याच्या रानात झाला. चारेक लाख माणसं जमली म्हणतात. शेवटचं मोठं नाव जिमी हेंड्रिक्सचं. तो रविवारी रात्री वाजवायचा, पण कार्यक्रम लांबत लांबत सोमवारची सकाळ उजाडली आणि तोवर बहुतेक लोक घरी गेले होते. बँकेतले असणार. सोमवार सकाळ म्हटल्यावर दुसरं कोण एवढं घाबरतं?

त्याच डिसेंबरात मी आप्पांना सवाईला नेलं. आप्पांनी जन्मभर दर एकादशीला मारुतीच्या देवळात भजनाला पखवाज वाजवला. आणि मी? पुण्यात खरं गाणं ऐकतो म्हणून गेली कित्येक वर्षं त्या भजनाला फिरकलो नव्हतो. म्हातारपणी त्यांनाही एकदा खरं गाणं ऐकवावं, असा माझा उदात्त हेतू. कामावरून निघायला मलाच उशीर झाला, म्हणून मुकुंदनगरच्या मांडवात जागा मिळाली ती अगदी मागे, खांबाआड. आप्पा टोपी सारखी करून, डोळे मिटून, दोन तास हलले नाहीत. तबलजीला दोनदा “हात ग्वाड हाय” असं प्रशस्तिपत्र दिलं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले,

“ह्यो गानारा आपल्याला बगतोय का रं?”

“एवढ्या लांबून कसा बघेल, आप्पा? हजारो माणसं आहेत.”

“मग त्येला कळतं कसं, कुठं थांबायचं त्ये?”

“समोर घड्याळ असतं.”

आप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी टोपी पुन्हा सारखी केली. मला उगाचच त्या घड्याळाची लाज वाटली.

पुढच्या सोमवारी काउंटरवर एक म्हातारी पासबुक घेऊन आली. मी मान खाली घालूनच म्हणालो, “स्लिप भरा, तीन नंबरला जा.” ती म्हणाली, “सायेब, एकडाव वर तरी बगा की.” वर बघितलं. आमच्याच भागातली बाई, पेन्शन अडकलेली. पाच मिनिटांचं काम होतं. तेव्हा ध्यानात आलं की मीही रोज दहा ते पाच एक मोठा महोत्सवच चालवतो. समोर रांग, पाठीमागे घड्याळ, आणि कुणाचा चेहरा म्हणून बघायचा नाही.

एवढ्यावर निकाल देऊन मोकळा झालो असतो : महोत्सव वाईट, लहान बैठक चांगली. पण ज्येष्ठ वद्यात तुकोबांची पालखी आली. लोणी काळभोरचा मुक्काम हलला की ती सोलापूर रस्त्याने यवतच्या पिठलं-भाकरीच्या मुक्कामाला निघते आणि आमच्या फाट्यावरून जाते. मी आप्पांबरोबर रस्त्याकडेला उभा. लाखांची गर्दी, सवाईचे कित्येक मांडव त्यात बसतील. माझ्या सिद्धांताप्रमाणे इथे गाणं पार बुडायला हवं होतं. पण एकेक दिंडी पुढून जात होती. मधे वीणेकरी, जवळ पखवाज, दोन्ही अंगांना टाळकऱ्यांच्या ओळी, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. प्रत्येक दिंडीचा अभंग वेगळा, चाल वेगळी. पुढच्या दिंडीचा ठेका कानावर येत असूनही हिची लय ढळत नव्हती. एका टाळकऱ्याचा टाळ चुकला, तर वीणेकऱ्याने नुसतं बघितलं आणि टाळ जागेवर आला. तो वीणेकरी लाखांत चालत होता आणि गात होता तो समोरच्या चाळीस-पन्नास जणांत.

तेव्हा नावेची बाजू मला दुरुस्त करावी लागली. गर्दीचा काही दोष नाही. सगळ्या गर्दीला एका बाजूला तोंड करून बसवायचं आणि तिकडून कुणी वर बघायचं नाही, दोष यात आहे.

म्हणून माझा निकाल असा. सवाईला जा, बँडांच्या जत्रेलाही जा, पण दिंडी करून जा : चार-पाच जण, एका सतरंजीवर, एकमेकांचे चेहरे दिसतील असे. सगळं ऐकायचा हट्ट सोडा. दोनच कलाकार ठरवा आणि उरलेल्या वेळात निःसंकोच वडा खा. ज्याचं गाणं घरी येईपर्यंत डोक्यात राहिलं, त्याची पुढे लहान सभागृहातली बैठक शोधा आणि पुढे बसा. महोत्सवात ओळख होते. ऐकणं व्हायचं ते तिथे.

हे सगळं मी पालखी गेली त्या रात्री आप्पांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “जा की सवाईला. न्हाई कोन म्हनतंय? पर मला सांग, तू तिथं न्हाई गेलास तर कळंल का कुनाला?”

“नाही.”

“देवळात आता पाच जन उरल्यात. त्यातला येक न्हाई आला तर टाळ उघडा पडतो.”

मला टाळ वाजवता येत नाही. तरी हल्ली एकादशीला जातो. गेल्या खेपेला बँकेतून निघायला उशीर झाला, देवळात पोचलो तेव्हा अभंग सुरू झालेला. आप्पांनी पखवाजावरचा हात न थांबवता मान वर करून माझ्याकडे बघितलं. पंचवीस वर्षं गाणं ऐकतो आहे, पण माझी हजेरी त्या दिवशी पहिल्यांदा लागली. लेट मार्कसकट.