उसन्या ओळी

गेल्या श्रावणात आमचा एक जुना विद्यार्थी स्वतः काढलेला लघुपट दाखवायला घरी आला. खर्च पदरचा, नट हौशी, लांबी १८ मिनिटे. बायको गेल्यावर एकटा पडलेला निवृत्त पोस्टमन गावचे घर बंद करून मुलीकडे राहायला निघतो, एवढीच गोष्ट. शेवटी तो दाराला कुलूप लावतो आणि कुसुमाग्रजांच्या चार ओळी ऐकू येतात. घरच्या मंडळींनी डोळे पुसले. विद्यार्थी मात्र अस्वस्थ होता. म्हणाला, “सर, चारच तर ओळी आहेत. शेवटी कवींचे नावही दिले आहे. चालेल ना?”

या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. एक कायद्याचे, दुसरे कलेचे.

१९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि निधनानंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षे टिकतो. कुसुमाग्रज १९९९ साली गेले. तेव्हा हा हक्क २०५९ अखेरपर्यंत आहे. मर्ढेकर १९५६ साली गेले. त्यांची हयातीत छापलेली कविता २०१७ पासून सर्वांची झाली. केशवसुत, बालकवी तर केव्हाच मोकळे झाले. चार ओळी फुकट, पाचवीला पैसे, असा नियम कायद्यात कोठेही नाही. टीका किंवा परीक्षण करण्यासाठी वाजवी अवतरण घेता येते. म्हणजे मी या लेखात दोन ओळी देऊन त्यांची चिकित्सा केली, तर ते चालेल; पण पोस्टमनचे दुःख गडद करण्यासाठी वापरलेल्या ओळी ही काही चिकित्सा नव्हे. आणि नाव देणे म्हणजे परवानगी घेणे नव्हे. शेजारणीची पैठणी न विचारता नेसून ‘ही अमक्यांची बरे का’ असे सांगत फिरल्याने ती आपली होत नाही!

तेव्हा हक्कदारांना पत्र लिहावे. कोणत्या ओळी, कोणत्या प्रसंगी, चित्रपट महोत्सवापुरता की इंटरनेटवरही, सारे स्पष्ट लिहावे आणि होकार लेखीच घ्यावा. होकार मिळाला तरी ओळींची मोडतोड करू नये. हक्क विकल्यावरही लेखकाला विकृतीविरुद्ध दाद मागता येते, हे ‘आपका बंटी’वरील चित्रपटाच्या वादात मन्नू भंडारींच्या बाजूने दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ साली सांगितले आहे.

आता कलेचे. मी त्याला शेवटचे मिनिट आवाज बंद करून पुन्हा लावायला सांगितले. तेव्हा एक गोष्ट आम्हां सर्वांना प्रथमच दिसली. कुलूप लावल्यावर म्हातारा जुन्या सवयीने दारावरच्या पत्रपेटीत हात घालतो आणि रिकामा हात बाहेर काढतो. मघाशी आम्ही कुसुमाग्रज ऐकत होतो. पोस्टमनकडे कोणी पाहतच नव्हते. डोळे ओले झाले ते कवीमुळे, आणि श्रेय मिळाले दिग्दर्शकाला.

कवितेला चित्रपटात जागाच नाही, असे माझे म्हणणे नाही. पात्राचे जगणेच एखाद्या कवितेशी बांधलेले असेल, तर तिच्यासाठी दहा पत्रे लिहावीत. पण आपल्या प्रसंगावर विश्वास नाही म्हणून थोरांच्या ओळी उसन्या आणणे, हा आमच्या नवोदितांचा, आणि खरे सांगायचे तर आम्हां कादंबरीकारांचाही, जुना दोष आहे.

त्याने पत्र पाठवले आहे; उत्तर यायचे आहे. दरम्यान लघुपट १७ मिनिटांचा झाला. परवा फोनवर म्हणाला, “सर, आता होकार आला तर पंचाईतच होणार!”