सरकपट्टी आणि मितीहीन कागद

‘आर’ ह्या सांख्यिकी भाषेंतील आलेखांस ‘शायनी’ ह्या साधनानें (इ. स. २०१२) सरकपट्टी जोडतां येते; ती सरकवितांच इष्ट वर्षांचे कागद तेवढे आलेखांत राहतात. सोय उत्तम खरी, पण दोष दोन. सुहूर सन मृगापासून चालतो. त्यांत ५९९ वा ६०० मिळविल्यास इसवी सन येतो. तो एकाच बिंदूवर बसविल्यास वर्षाची चूक संभवते. दुसरा दोष गंभीर आहे. ‘फिल्टर’ ही आज्ञा वर्षाचा रकाना रिकामा असलेली ओळ कांहीं न बोलतां वगळते. खांबसारख्या गांवच्या वतनाच्या वादांत नेमका तोच मितीहीन कागद निर्णायक असला, तर आलेख खोटा साक्षीदार ठरेल. म्हणून पट्टीशेजारीं ‘मितीहीन’ अशी खुणेची चौकट ठेवावी व वगळलेल्या कागदांची संख्या दाखवावी.