शुक्रनीतींतील लघुनालिक आणि नेमाची शिस्त : एक परीक्षण

शुक्रनीतीच्या चौथ्या अध्यायांत नालिकास्त्रांचें जें वर्णन आहे त्याविषयींचा वाद शंभर वर्षांहूनहि अधिक काळ चालू आहे. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांतील संस्कृताचे अध्यापक गुस्ताव ओपर्ट यांनीं १८८० सालीं प्राचीन हिंदूंच्या शस्त्रास्त्रांवर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला व या वर्णनाच्या आधारें असें प्रतिपादिलें कीं, बंदूक व दारू यांचें ज्ञान या देशांत अतिप्राचीन काळापासून होतें. पुढें १९६२ सालीं लल्लनजी गोपाल यांनीं हा ग्रंथच एकोणिसाव्या शतकांतला असल्याचें मत साधार मांडलें. तरीहि ओपर्ट यांचाच पक्ष खरा धरून तें वर्णन अद्याप 'प्राचीन बंदूक' म्हणून पुढें केलें जातें. हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्या मंडळींस यापासून होणारा अपाय लहान नाहीं. कारण ज्या पोथींत 'नालिक' शब्द आढळेल ती पोथी जुनी, असा उलटा न्याय त्यांतून रूढ होऊं पाहतो. म्हणून या वर्णनाचें परीक्षण आम्ही येथें निराळ्या अंगानें करणार आहों. बंदूक ही हातांत धरून, शिस्त लावून, चाप ओढून उडवावयाची वस्तु आहे. ती उडविणाऱ्याच्या दृष्टीनें पाहतां हें वर्णन काय सांगतें व काय सांगत नाहीं, एवढाच आमचा प्रश्न आहे.

प्रथम तें काय सांगतें तें पाहूं. लघुनालिकाची नळी पांच वितस्ति लांब असावी, म्हणजे साठ अंगुलें, आजच्या मापानें सुमारें पावणेचार फूट. तिच्या मुळाशीं व अग्राशीं एकेक तिलबिंदु असावा. हा तिलबिंदु म्हणजे आमच्याकडील बंदुकीची माशी होय. मुळाशीं कर्ण, म्हणजे काना. बुडाशीं चांगल्या लांकडाचा दस्ता. पोकळी मधल्या बोटाएवढी. आणि दारू ठासण्यास सोबत शलाका, म्हणजे गज. भरण्याचा क्रमहि दिला आहे : आधीं नळी साफ करावी, मग दारू घालून ती गजानें मुळाशीं घट्ट बसवावी, मग गोळी, आणि शेवटीं कान्यांत रंजक. ठासणीची बंदूक ज्यानें पाहिली आहे त्यास यांत कांहींच नवल वाटणार नाहीं. काळी दारू जळतांना नळींत काजळी मागें ठेवते व ती ओल ओढते. म्हणून साफ करणें आधीं. दारू व गोळी यांत पोकळी राहिली तर नळी फुटण्याचें भय, आणि दाब दर वेळीं सारखा नसेल तर गोळी दर वेळीं निराळ्या वेगानें जाते. म्हणून घट्ट बसविणें. हा क्रम जाणत्याचाच आहे.

दारूचें प्रमाणहि तसेंच. सोरा पांच, गंधक एक व कोळसा एक, असें सांगून नालास्त्रासाठीं सोऱ्याचे सहा किंवा चार भागहि चालतील, असें म्हटलें आहे. पांच भाग घेतल्यास सोरा शेंकडा सुमारें ७१ पडतो आणि सहा घेतल्यास बरोबर ७५. युरोपांतील पक्व दारूंतहि सोरा शेंकडा ७५ च असे. हें प्रमाण दीर्घ अनुभवाचें फळ आहे, आरंभींच्या प्रयोगांचें नव्हे.

परंतु सर्व वादाचा निर्णय ज्यावर होतो तो शब्द 'ग्रावा' हा होय. यंत्राच्या आघातानें अग्नि करणारा ग्रावा व चूर्ण हीं कर्णाशीं धारण केलेलीं असावींत, असा तेथील समासाचा सरळ अर्थ आहे. 'ग्रावचूर्ण' हा षष्ठीतत्पुरुष मानून 'दगडाचें चूर्ण' असा अर्थ करण्याचा मोह कोणास होईल. पण दगडाच्या भुकटीवर कितीहि आघात केला तरी ठिणगी पडत नाहीं, आणि तिला अग्निकृत् म्हणतां येत नाहीं. म्हणून येथें द्वंद्वच घेतला पाहिजे. द्वंद्व घेतला कीं ही गारेच्या चापाची बंदूक ठरते. यंत्रानें दगडाची ठिणगी पाडण्याची युक्ति युरोपांत सोळाव्या शतकाच्या आरंभीं चाकाच्या रूपानें आली, आणि पोलादी पत्र्यावर गार आपटणारा सर्वपरिचित चाप फ्रान्समध्यें सतराव्या शतकाच्या आरंभीं सिद्ध झाला. तेव्हां हें वर्णन त्यापूर्वींचें असणें शक्य नाहीं.

येथें एक आक्षेप न्यायानें नोंदविला पाहिजे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलानें आईन-इ-अकबरींत तोड्यावांचून, केवळ घोड्याच्या अल्प हालचालीनें उडणाऱ्या बंदुकांचा उल्लेख केला आहे. त्यावरून आमची पूर्वमर्यादा फार तर अकबराच्या दरबारापर्यंत मागें नेतां येईल. त्यापलीकडे नेण्यास मात्र आधार उरत नाहीं.

आणखी एक विसंगति आजवर पुरेशी लक्षांत घेतली गेलेली दिसत नाहीं. रचनेच्या वर्णनांत अग्नि यंत्राच्या आघातानें उत्पन्न होतो. उडविण्याच्या विधींत मात्र कर्णांतील चूर्णास अग्नि 'द्यावा' असें सांगितलें आहे. गारेच्या बंदुकीस अग्नि देण्याचें कारण नाहीं, ती आपला अग्नि आपणच करते. अग्नि द्यावा लागतो तो तोड्याच्या बंदुकीस किंवा तोफेस. म्हणजे ग्रंथकारानें रचना एका शस्त्राची पाहिली व विधि दुसऱ्याचा सांगितला. किंवा बृहन्नालिकाचा, म्हणजे तोफेचा, विधि दोहोंसहि लावला. कसेंहि घेतलें तरी हा हात प्रत्यक्ष बंदूक उडविणाऱ्याचा नव्हे. भरण्याचा क्रम दारूखान्यांतील कोणाहि जाणत्यास विचारून लिहितां येतो. बार करण्याचें तसें नाहीं.

आतां हें वर्णन काय सांगत नाहीं तें पाहूं. तोड्याच्या बंदुकींत चाप ओढला कीं पेटता तोडा धरलेला घोडा प्याल्याकडे वळतो, रंजक पेटते, तिची ज्वाळा कान्यांतून आंत जाते आणि मग बार होतो. गारेच्या बंदुकींत घोडा जोरानें आपटतो व सबंध बंदुकीस हिसका बसतो. दोहोंतहि चाप ओढणें व गोळी नळीबाहेर पडणें यांमध्यें जो क्षण जातो तोच नेमबाजाच्या कसोटीचा. डोळ्याजवळ भडका उडतो म्हणून डोळा मिटला, खांदा आखडला किंवा चाप झटक्यानें ओढला, तर माशी लक्ष्यावरून ढळते आणि सारी शिस्त फुकट जाते. म्हणून दस्ता खांद्याशीं व गालाशीं दर वेळीं एकाच जागीं टेकावा लागतो. श्वास थोडा सोडून रोखावा लागतो. चाप सरळ मागें, सावकाश दाबीत आणावा लागतो. आणि बार झाल्यावरहि क्षणभर दृष्टि माशीवरून काढतां येत नाहीं. यांतलें एकहि वाक्य शुक्रनीतींत नाहीं.

उलट धनुष्याची गोष्ट पाहा. अग्निपुराणांतील धनुर्वेदाच्या प्रकरणांत समपद, वैशाख, मंडल, आलीढ, प्रत्यालीढ अशीं उभें राहण्याचीं स्थानें नांवानिशीं दिलीं आहेत. जी विद्या शिष्यपरंपरेनें अंगांत मुरली तिला शरीराच्या ठेवणीसाठीं शब्द मिळाले. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिस येथील ऑलिंपिकमध्यें ५० मीटर रायफलच्या ज्या स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें, तिचें नांवच तीन आसनांवरून पडलें आहे : गुडघा टेकून, पालथें पडून व उभें राहून. जिवंत विद्येचें लक्षण आजहि हेंच आहे. शुक्रनीतींतील लघुनालिकास स्थान नाहीं, मुष्टि नाहीं, मोक्ष नाहीं. संस्कृतांत ही वस्तु बाहेरून वर्णिली गेली; आचार्यानें शिकविली नाहीं.

मराठी भाषेची साक्षहि याच बाजूची आहे. नेम धरण्यास आमचा जुना शब्द 'शिस्त' हा फारसींतून आलेला आहे. वळण व नियम या अर्थानें तो आज सर्वतोमुखीं आहे. 'बंदूक' हा शब्दहि परकीयच. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रचलेल्या राजव्यवहारकोशांत शस्त्रवर्ग स्वतंत्र घालून परकीय शब्दांस संस्कृत प्रतिशब्द द्यावे लागले. प्राचीन काळापासून चालत आलेल्या वस्तूस असा नवा नामकरणविधि करावा लागत नाहीं.

प्रत्यक्ष वापर करणाऱ्याची लेखणी कशी असते हें पाहावयाचें तर रामचंद्रपंत अमात्यांचें आज्ञापत्र पाहावें. पन्हाळ्याच्या दुसऱ्या संभाजीमहाराजांच्या कारकीर्दींतला, इ. स. १७१५ च्या सुमाराचा हा ग्रंथ प्राचीनतेचा कोणताहि आव आणीत नाहीं. दारूखाना घराजवळ नसावा. दारूस सर्दी लागूं देऊं नये. आठ-पंधरा दिवसांनीं हवालदारानें ती बाहेर काढून ऊन द्यावें व पुन्हा मुद्रा करावी. पर्जन्यकाळीं तोफांच्या कान्यांत मेण भरावें : हीं वाक्यें ज्यानें आषाढांतला पन्हाळा पाहिला आहे त्याचींच आहेत. आमच्या पूर्वजांचा खरा अभिमान धरावयाचा तो येथें.

या परीक्षणाची मर्यादाहि सांगितली पाहिजे. एका प्रकरणाच्या काळावरून सबंध ग्रंथाचा काळ ठरत नाहीं. नालिकाचे श्लोक मागाहून घातले असें म्हणणाऱ्यांचा पक्ष यानें खोडला जात नाहीं. परंतु त्या पक्षाचा स्वीकार करणारानें मग त्याच श्लोकांवरून प्राचीन बंदुकीचें अनुमान करूं नये. दोन्ही लाभ एकदम घेतां येत नाहींत.

संग्राहकांस आमची विनंति दोन प्रकारची आहे. पोथींत नालिक आढळल्यास प्रथम अग्नि कशानें होतो तें पाहावें. तोडा, गार कीं टोपी हें कळल्यावांचून काळाचा निर्णय करूं नये. आणि बंदूक हातीं आल्यास चाप व नळी यांचें वय निरनिराळें तपासावें. जुन्या नळीस नवा चाप बसविण्याची चाल सर्वत्र होती, आणि नुसत्या लांब नळीवरून 'शिवकालीन' अशी चिठ्ठी लावणें हा शास्त्राचा मार्ग नव्हे. ज्यांच्या घरीं शिकारखान्याचे किंवा बारूतखान्याचे कागद असतील त्यांनीं ते रद्दींत न घालतां उजेडांत आणावे. बार करणाऱ्या हातांची विद्या श्लोकांत नाहीं. ती असलीच तर अशा मोडी रुमालांत सांपडेल.