‘गेटिंग टू येस’ आणि खर्ड्याचा तह : लहान व्यवसायाच्या खरेदीतील वाटाघाटींची चिकित्सा

प्रस्तावना :
रॉजर फिशर व विल्यम युरी यांचा ‘गेटिंग टू येस’ हा ग्रंथ १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यक्ती आणि समस्या वेगळ्या ठेवाव्यात, भूमिकांऐवजी हितसंबंध पाहावेत, उभयपक्षी लाभाचे पर्याय शोधावेत आणि वस्तुनिष्ठ निकष लावावेत, ही त्याची चार सूत्रे होत. बोलणी फिसकटल्यास हाती कोणता उत्तम पर्याय उरतो, यावर पक्षाचे बळ ठरते, असा ग्रंथकारांचा सिद्धांत आहे. चालू दुकान विकत घेण्याच्या व्यवहारात ही मांडणी कितपत पुरते, याचा विचार येथे केला आहे.

पर्यायाचे बळ आणि काळ :
जामखेड तालुक्यातील खर्डा येथील इतिहास या सिद्धांताची साक्ष देतो आणि त्याची मर्यादाही दाखवितो. ११ मार्च १७९५ च्या लढाईनंतर निजाम अली खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडला गेला. गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर यांनी तटस्थता पत्करल्याने त्याला दुसरा पर्याय उरला नव्हता. दिवाण मुशीर-उल-मुल्क यास स्वाधीन करणे, दौलताबादसह मुलूख तोडून देणे आणि सुमारे ३ कोटी रुपये देणे त्याला मान्य करावे लागले. परंतु २७ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवरावांचा मृत्यू झाला व वारसाचा वाद पेटला. १७९६ मध्ये महाड येथे नाना फडणवीसांनाच निजामाच्या पाठिंब्याची गरज भासली आणि खर्ड्यात मिळविलेले बहुतांश त्यांनी सोडून दिले. पर्यायाचे बळ दीड-दोन वर्षांत एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेले.

राज्यांचा तह आणि दुकानाचा सौदा एक नव्हेत. परंतु बळाचे हे स्थलांतर दोहोंत समान आहे. कर्जामुळे वा वार्धक्यामुळे दुकान विकणारा मनुष्य सौद्यापूर्वी दुर्बळ असतो. पूर्ण रक्कम मोजली गेली की ग्राहकांची ओळख, घाऊक व्यापाऱ्याकडील पत, जागामालकाशी असलेला संबंध आणि उधारीची खरी माहिती त्याच्याच जवळ राहते व दुर्बळता खरेदीदाराकडे येते. अडलेल्या विक्रेत्याकडून किंमत पाडून घेणारा खरेदीदार नंतरच्या सहकार्याला मुकतो. घासाघिशीत वाचलेली रक्कम अशा वेळी महाग पडते.

निकषांचा प्रश्न :
ग्रंथातील घरभाडे व मोटारीच्या विम्याची भरपाई या उदाहरणांत बाजारभाव, नियम असे बाह्य निकष उपलब्ध आहेत. गावातील किराणा दुकानाची उलाढाल मात्र पुष्कळदा उधारीच्या वहीत असते. वहीतील येणे किती वसूल होईल हे विक्रेताच जाणतो. शिवाय मुदत कायदा, १९६३ नुसार अशा येण्याच्या दाव्यास सामान्यतः ३ वर्षांची मर्यादा आहे. येथे निकष आयता मिळत नाही, तो व्यवहारातच घडवावा लागतो. इसार देऊन काही आठवडे गल्ल्यावर विक्रेत्याबरोबर बसणे आणि किमतीचा काही भाग उधारीच्या वसुलीनुसार हप्त्यांनी देणे, हे त्याचे व्यवहार्य मार्ग होत.

कायद्याचा आधारही येथे विचारात घ्यावा लागतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ मधील अपवादानुसार ख्याती विकणाऱ्याने ठरावीक, वाजवी स्थानिक मर्यादेत तसाच व्यवसाय न करण्याचे बंधन स्वीकारता येते. ही अट नसेल तर विक्रेता समोरच नवे दुकान थाटू शकतो. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम ८५ नुसार व्यवसाय हस्तांतरित होण्यापूर्वीच्या कराची जबाबदारी खरेदीदारावरही येते. म्हणून थकबाकीची खातरजमा होईपर्यंत काही रक्कम राखून ठेवणे हा अविश्वास नव्हे, दक्षता होय.

निष्कर्ष :
फिशर व युरी यांनी वाटाघाटीला हट्टाच्या कोंडीतून बाहेर काढले आणि परस्परसंबंधांचे मूल्य ओळखले, हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु पर्यायाचे बळ ते मुख्यतः बोलणीच्या वेळी मोजतात. लहान व्यवसायाच्या खरेदीत ते सहीच्या दुसऱ्या दिवशीही मोजावे लागते. आयुष्यभराची बचत घालून दुकान घेणाऱ्याने किती कमी किमतीत सौदा झाला, याआधी हे पाहावे की परिस्थिती पालटल्यावरही तो सौदा पाळणे विक्रेत्याच्या हिताचे राहील काय. ही कसोटी वर्गातील अध्यापनात समाविष्ट होणे आवश्यक आहे.