‘फायर इन द ब्लड’ : औषधाचे मूल्य आणि औषध घेणारा

डिलन मोहन ग्रे यांचा ‘फायर इन द ब्लड’ (२०१३) हा अनुबोधपट एच.आय.व्ही.वरील औषधे दरिद्री देशांतील रुग्णांना दीर्घकाळ का मिळू शकली नाहीत, याचा शोध घेतो. संसर्गापूर्वीच घ्यावयाच्या प्रतिबंधक औषधाचा प्रश्न आज पुढे आला असताना या कृतीचा पुनर्विचार अगत्याचा वाटतो. कारण औषध सुलभ करणे म्हणजे काय, याविषयीची आपली कल्पना बव्हंशी अशाच कथासूत्रावर उभी आहे.

ते कथासूत्र बलवान आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्याने औषधी द्रव्यास नव्हे, तर केवळ ते तयार करण्याच्या प्रक्रियेस संरक्षण दिले. त्यामुळे निराळ्या प्रक्रियेने तेच औषध बनविणे देशी कारखान्यांस शक्य झाले. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाचे युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा उपचार ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेस रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरांत देऊ केला. पाश्चात्त्य बाजारात त्यास दहा हजार डॉलरांहून अधिक पडत. या घटनेतील नाट्य ग्रे यांनी अचूक हेरले आहे. मक्तेदारी हा खलनायक, मरणोन्मुख रुग्ण हा पीडित. दर कोसळताच सुटकेचा मार्ग खुला होतो.

परंतु प्रतिबंधक औषध घेणारा मनुष्य रुग्ण नसतो, आणि येथे हे सूत्र अपुरे पडते. दक्षिण आफ्रिका, युगांडा व झिंबाब्वे येथील ५,०२९ स्त्रियांचा सहभाग असलेल्या ‘व्हॉइस’ चाचणीत औषध विनामूल्य होते. तरीही ज्यांना ते दिले होते त्यांच्या रक्ताच्या नमुन्यांपैकी २५ ते ३० टक्क्यांतच त्याचा अंश आढळला. उलट म्हैसूरची अशोदया समिती व कोलकात्याची दुर्बार महिला समन्वय समिती या देहविक्रय करणाऱ्यांच्या स्वतःच्या संघटनांनी जेथे प्रयोग चालविला, तेथे औषध घेण्यातील सातत्य टिकले.

हा भेद सरकारी परिभाषेसही उमगलेला दिसत नाही. नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई–आग्रा महामार्गास पुण्याचा रस्ता मिळतो. तेथून जाणारा मालमोटारीचा चालक एड्स नियंत्रणाच्या कागदोपत्री ‘सेतू लोकसंख्ये’त मोडतो. रूपक बोलके आहे : सेतूवरून इतर जातात, सेतूला स्वतःचा मुक्काम नसतो. टेनोफोविर हे द्रव्य उपचारातही वापरले जाते. तेव्हा गोळ्यांची डबी पाहणारा क्लीनर त्या चालकास रुग्णच समजणार. मग तो ती डबी जवळ बाळगील काय, हा प्रश्न ‘सेतू’ या शब्दात उद्भवतच नाही.

वर्षातून दोनदा टोचावयाचे लेनाकापाविर २०२५ मध्ये अमेरिकेत संमत झाले, तेव्हा त्याची तेथील वार्षिक किंमत २८,२१८ डॉलर होती. डॉ. रेड्डीज व हेटेरो यांचे तेच औषध २०२७ पासून १२० देशांत सुमारे ४० डॉलरांत मिळेल, असे त्याच वर्षी घोषित झाले. ग्रे यांनी दाखविलेला लढा व्यर्थ गेला नाही, याचा हा पुरावाच होय. डबी लपविण्याची अडचणही त्याने काही अंशी दूर होईल. टोचून घेण्यास केंद्रात जावे मात्र लागेलच, आणि तेथे त्यास कोणत्या नावाने पुकारले जाईल यावर त्याचे पुन्हा येणे अवलंबून राहील.

सर्वांना औषध मिळेपर्यंत आपण ते घेणार नाही, असे ठरविणारे झॅकी अचमत याच अनुबोधपटात भेटतात. औषध घेणारा तेथे दयेचा विषय न राहता निर्णय करणारा होतो. प्रतिबंधक औषधाविषयीच्या पुढील अभ्यासाने आरंभ करावयाचा तो या ठिकाणापासून.