डार्विनची रूपके आणि आपले वाचन

इंग्रजीच्या तासाला रूपक आणि चेतनगुणोक्ती बिनचूक ओळखणारा विद्यार्थी जीवशास्त्राच्या तासाला ‘निसर्ग निवड करतो’ हे वाक्य शब्दशः घेतो. निसर्ग म्हणजे जणू कोणी चोखंदळ गिऱ्हाईक! अलंकार कवितेतच असतात, हा समज आपणच त्याला दिलेला असतो.

या दृष्टीने चार्ल्स डार्विनचे ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ (१८५९) वाचून पाहावे. ‘जीवनकलह’ हा शब्द आपण व्यापक, लाक्षणिक अर्थाने वापरत आहोत, असे तो तिसऱ्या प्रकरणात बजावतो आणि उदाहरणे मांडतो. टंचाईच्या दिवसांत अन्नासाठी भिडलेले कुत्र्याच्या कुळातले दोन प्राणी : हा झगडा खराखुरा. वाळवंटाच्या कडेची वनस्पती दुष्काळाशी झगडते असे म्हणतात. पण ती ओलाव्यावर अवलंबून आहे म्हणणे अधिक बरोबर, हेही तो सांगतो. मिसलटो हे आपल्या बांडगुळाचे भाईबंद. ते सफरचंदाच्या झाडाशी झगडते म्हणणे डार्विनला ओढूनताणून वाटते. एकाच फांदीवर दाटीने उगवलेली त्याची रोपे मात्र आपसात खरोखर झगडतात. स्वतःचेच रूपक कुठवर ताणता येते हे इतक्या प्रामाणिकपणे तपासणारे लेखक ललित साहित्यातही मला फारसे भेटलेले नाहीत.

‘निवड’ म्हटल्यावर निवडणारा कोण, हा आक्षेप आलाच. रसायनशास्त्रज्ञ मूलद्रव्यांच्या ‘पसंती’विषयी बोलतात तेव्हा कोणी हरकत घेतो का, असे डार्विनने १८६१च्या तिसऱ्या आवृत्तीत विचारले. उत्तर बिनतोड होते, पण आल्फ्रेड वॉलेसचे समाधान झाले नाही. १८६६ साली त्याने पत्र लिहून हर्बर्ट स्पेन्सरचा ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ हा शब्दप्रयोग सुचवला. १८६९च्या पाचव्या आवृत्तीत डार्विनने तो स्वीकारला.

माझ्या मते रोगापेक्षा औषध जालीम ठरले. निवडणारा गेला, पण ‘फिट’ या शब्दाचा दुहेरी अर्थ आत शिरला. अभिप्रेत होते ‘परिस्थितीला जुळणारा’. ऐकू येते ‘धडधाकट’. मग मराठीत ‘बळी तो कान पिळी’ व्हायला वेळ लागत नाही. मदीरा बेटावरचे भुंगेरे घ्या. तेव्हा माहीत असलेल्या ५५० जातींपैकी २०० जातींना उडता येत नाही, ही वुलस्टनची नोंद डार्विननेच दिली आहे. उडणारे वाऱ्याबरोबर समुद्रात जातात, दुबळ्या पंखांचे जमिनीला धरून राहतात, असे त्याचे स्पष्टीकरण. यात कोणी कोणाचा कान पिळला?