कुलूप, किल्ली आणि संहिता

नांदेड जिल्ह्यातील माहूर हे महानुभावांचे तीर्थक्षेत्र होय. या पंथाने चौदाव्या शतकापासून आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत जतन केले. त्यांपैकी सकळ लिपीचे कर्तृत्व परंपरा रवळोव्यासांकडे देते. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर वा चिन्ह योजण्याच्या या रीतीमुळे हे वाङ्मय कित्येक शतके पंथाबाहेरील वाचकांस अगम्य राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी या लिपीची उकल केली आणि किल्ली अभ्यासकांच्या हाती आली.

संगणक-प्रणालींच्या कुलूपभेदनाकडे, म्हणजे 'क्रॅकिंग'कडे, या घटनेच्या प्रकाशात पाहणे उद्बोधक ठरते. १९७६ साली बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींस उद्देशून लिहिलेल्या पत्रात 'बेसिक'च्या नकलांविषयी तक्रार केली. पुढे उत्पादकांनी प्रणालींस कुलुपे घातली. कुलूप फोडणारा यंत्रभाषेतील आज्ञा वाचून परवाना तपासणारी नेमकी आज्ञा हुडकतो व तीत फेर करतो. हे एका अर्थी संहितावाचनच होय. फोडलेल्या प्रतीच्या आरंभी तो आपले नाव चित्र-संगीतासह मिरवी. हस्तलिखिताच्या पुष्पिकेशी याचे साम्य उघड आहे. त्यातूनच 'डेमोसीन' ही कला उदयास आली. फिनलंडने २०२० मध्ये व जर्मनीने २०२१ मध्ये तिची नोंद आपापल्या अमूर्त वारशात केली.

तथापि या साम्यावरून दोहोंस एकाच मापाने मोजणे युक्त नव्हे. लिपीची किल्ली मिळाल्यावर प्रत्येक वाचन कोणासही पडताळता येते; फोडलेली प्रत मात्र बहुधा विश्वासानेच घ्यावी लागते, आणि तीत आणखी काय घातले आहे हे वापरणारास कळत नाही. शिवाय कर्त्याच्या श्रमाचे मोलही बुडते. भारतीय कायदाही हेतूकडे पाहतो: २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने केलेले कुलूपभेदन दंडनीय ठरवते.

मराठवाड्यात हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. नांदेड येथे १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे उपकेंद्र लातूर येथे आहे. त्या काळी मराठी अक्षरजुळणी परस्परांशी न जुळणाऱ्या संकेतांच्या टंकांत होत असे. युनिकोडपूर्व संकेतांतील अशी एखादी धारिका, तिची मूळ प्रणाली नाहीशी झाल्यास, उद्याच्या संशोधकास सकळ लिपीइतकीच दुर्बोध ठरेल. महानुभावांनी लिपी निदान श्रद्धेपोटी गूढ केली होती. आपली संहिता अनास्थेने गूढ होत आहे. ग्रंथासमवेत त्याची किल्लीही जतन करणे हे ग्रंथालयांचे कर्तव्य होय. त्यांनी ते केले नाही, तर हे काम कुलूप फोडणाऱ्याच्या मर्जीवर राहील.